घडीच्या काढलेल्या कड्या

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कारखान्यातील तीस वर्षे : काही अनुभव’ असा विषय छापला आहे. काल रात्री समितीनं तो बदलला. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. काल संध्याकाळी आपण नऊ गुरुजनांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि स्टीलच्या चेनची घडी. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आणि फोटो मोबाइलवर आले तेव्हा दिसलं, की नऊच्या नऊ घड्या कोपराकडे निघाल्या आहेत! मराठीच्या बाईंची घडी तर नमस्कार करताना हातातून सुटून थेट हाराच्या ताटात पडली.

यात समितीचा दोष नाही. कारखान्यातून चेन लांबच येते. जाड मनगटालाही पुरावी आणि बारीक मनगटासाठी कमी करता यावी, असा त्यांचा हिशोब असतो. लांब चेन छोटी करता येते. छोटी चेन, वरच्या कड्या जवळ नसतील तर, लांब करता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

तर लगेच कुणीतरी म्हणालं, “आता या घड्या चंद्रपूरला न्याव्या लागतील.” म्हणजे आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत जायचं आणि तसंच परत यायचं. जाऊन-येऊन दिवस गेला. दोन कड्या काढायला! मी म्हटलं, मला एक कंपासपेटी आणि एक ताट आणून द्या. काल रात्री व्हरांड्यात बसून सहा घड्या केल्या. भोवती तुम्ही वीस-पंचवीस जण उभे होतात, आणि जो तो विचारत होता, “अबे, हे घरी होते का?” होते. म्हणून आजचा विषय हाच.

आधी एक सांगतो. आपण इकडे ‘घडी’ म्हणतो, तर मी घडीच म्हणणार. आमची सूनबाई सोलापूरची आहे. ती नवीन आली तेव्हा मी तिला म्हटलं, “बाई, माझी घडी कुठं ठेवली?” तर तिनं घडी घातलेली चादर आणून दिली.

आता आठवा, आपल्या शाळेत घडी किती जणांच्या हातात होती? शिपाईमामा रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचे, आणि तो टोल हेडमास्तरांच्या मनगटाकडे बघून पडायचा. आपल्या वर्गात दहावीच्या परीक्षेपर्यंत दोघांकडे घडी होती. बाकीच्यांना घरून एकच वचन मिळालेलं, “पास झाला तं घडी घेऊन देतो.” आणि ज्यांना तेव्हा मिळाली नाही त्यांना लग्नात मिळाली. घडी, सायकल, रेडिओ ही त्या काळची यादी पाठ होती. ती पद्धत वाईटच, तिची तरफदारी मी करत नाही. पण त्या वेळचे लग्नाचे फोटो काढून पाहा. नवरदेवाचा शर्ट पूर्ण बाहीचा, बाही एकाच हाताची वर सारलेली, आणि घडी मनगटापासून चार बोटं वर चढलेली. सासऱ्यानं जावयाचं मनगट कधी मोजलेलं नसायचं ना!

ती घडी बहुतेकदा एचएमटीची असायची. १९६१ साली सरकारी एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढची पंचवीस वर्षं देशाच्या मनगटावर तिचंच राज्य होतं. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं तुमच्या घरात कुणी ना कुणी घेतली असतीलच. रोज सकाळी चावी द्यायची. मग ऐंशीच्या दशकात टायटन आली, सेलवरच्या घड्या आल्या, चावी द्यायचं काम संपलं. २०१६ साली सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. पण अहेरी तालुक्यात आजही कपाटाचा वरचा कप्पा उघडला तर दर दहा घरांमागे एक ‘जनता’ निघेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी वाट प्राणहितेच्या पलीकडून होती. करीमनगर, निजामाबादकडची माणसं आखातात कामाला जायची आणि येताना सिको, सिटिझन, रिकोच्या घड्या आणायची. पाव्हण्यांच्या हातून त्या नदी ओलांडून आपल्याकडे यायच्या. त्या आपोआप चालणाऱ्या, जड, आणि स्टीलच्या भरीव चेनच्या. ‘दुबईची घडी’ म्हटलं की बसमध्ये शेजारचा माणूस सरकून जागा द्यायचा.

आणि चेनच का, चामड्याचा पट्टा का नाही? ते आपल्या हवेला विचारा. मे महिन्यात घामानं चामडं कडक होतं आणि वास मारतं. जुलैत त्याला बुरशी धरते. दोन पावसाळ्यांत पट्टा तुटतो, घडी रोवणीच्या चिखलात जाते. म्हणून इकडचा माणूस स्टीलची चेन पसंत करायचा. शोक थोडा, सोय जास्त.

या सगळ्या चेन कमी-जास्त करायला गावात एक घडीवाले काका होते. आपल्या वेळचे सगळे त्यांना ओळखतात. तीन बाजूंनी काच लावलेलं टेबल, डोळ्याला भिंग, मान खाली. घरी तेलुगू बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि बाजाराच्या दिवशी आलेल्या माडिया माणसाशी त्याच्या भाषेत. मी शाळा सुटली की त्यांच्या टेबलाशेजारी उभा राहायचो. हाकललं नाही त्यांनी कधी. मी काही उचलायला गेलो की एकच शब्द, “मेल्लगा.” सावकाश. पुढे आयटीआयला फिटरचं शिकलो, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मोठमोठ्या रोलरच्या बेअरिंगा बसवल्या, पण हात सावकाश चालवायचा हे त्या टेबलापाशीच आलं. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या मुलाला चेन दाखवली तर तो म्हणतो, “काका, नवीनच घ्या ना.” त्याचं बरोबरच आहे, त्याला त्यात पैसे नाहीत. म्हणून हे काम आता घरी यायला पाहिजे.

कुणी म्हणेल, ढिली घडी घातली तर काय बिघडतं? दोन गोष्टी सांगतो. एक माझ्या धंद्यातली. फिरत्या यंत्राजवळ जाताना घडी, अंगठी, कडं काढून ठेवायचं, हा कारखान्यातला पहिला नियम. लोंबती चेन यंत्रात अडकली तर चेनीबरोबर हात जातो. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे मळणीयंत्र आहे, पिठाची चक्की आहे, त्यांनी घरच्या पोरांना हे आजच सांगा. घट्ट असो की सैल, यंत्राजवळ घडी नकोच.

दुसरी गोष्ट आपल्या एका मैत्रिणीची. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे, इथेच बसली आहे, नाव घेतलं तर रागावेल. काल ती म्हणाली, मोबाइल असला तरी मला काटा फिरणारी घडीच लागते. का? तर लहान बाळाला न्यूमोनिया आहे का हे पाहताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त, तर तो जलद श्वास धरतात. एका हातानं बाळाच्या पोटावरचं लुगडं बाजूला धरायचं, नजर पोटावर आणि काट्यावर. आता घडी ढिली असेल तर वजनानं फिरून तबकडी मनगटाच्या खाली जाते. तिला सरळ करेपर्यंत मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. बाळ तोवर रडायला लागलं की आणखी थांबा, कारण रडत्या बाळाचे श्वास मोजता येत नाहीत. काल तिच्या चेनीतून मी एकच कडी काढली. एकच!

फार आवळूनही चालत नाही. घाम आत कोंडतो, कातडी लाल होते. स्वस्त, मुलामा दिलेल्या चेनीत निकेल असतं, ते काहींना सोसत नाही, खाज सुटते. चांगल्या स्टीलच्या चेनीनं सहसा तसं होत नाही. माप असं घ्या : चेन बंद केल्यावर मनगट आणि चेन यांच्यामध्ये करंगळी जेमतेम शिरली पाहिजे. अंगठा शिरत असेल तर ढिली. करंगळी शिरत नसेल तर आवळ. आणि हे माप डिसेंबरच्या सकाळी घेऊ नका. उन्हाळ्यात दुपारनंतर मनगट फुगतं. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! थंडीत बरोबर बसवलेली चेन मे महिन्यात रुतते.

आता कामाला लागू. हत्यारं काय लागतात? बाजारात, ऑनलाइनही, चेनीच्या पिना ढकलायचं स्क्रूवालं छोटं यंत्र मिळतं. घरात चार घड्या असतील तर घेऊन ठेवा. पण काल रात्री ते माझ्याकडे नव्हतं. मी काय वापरलं? शाळेतल्या मुलीची कंपासपेटी. त्यातला डिव्हायडर, म्हणजे दोन्हीकडे टोक असलेला तो. आपल्याला भूमितीत त्याचा फारसा उपयोग कळला नव्हता, तो आता कळेल. शिवाय बारीक पिन ढकलायला मोठी सुई, तिचं टोक घासून बोथट केलेलं. एक हलकी हातोडी. स्टीलचं ताट, त्यावर पांढरा रुमाल पसरलेला, म्हणजे पिन पडली तर दिसते आणि उडत नाही. दोन वाट्या, एकीत पिना, दुसरीत कड्या.

आणि एक ठोकळा. तो सागाचा घ्या. हसू नका, आपण आलापल्लीच्या शेजारी राहतो. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथलाच साग गेला. आपल्याला वीतभर टाकाऊ तुकडा सुताराकडे फुकट मिळतो. त्यात हॅक्सॉ ब्लेडनं चेन उभी बसेल एवढी खाच पाडायची, आणि खाचेच्या तळाला एक बारीक भोक. कडी खाचेत उभी राहते, हलत नाही, आणि निघालेली पिन भोकातून खाली पडते. सागाचं लाकूड घट्ट, पण स्टीलवर ओरखडा काढत नाही. लोखंडी वाइसमध्ये चेन धरली तर चेनीची चमक गेलीच म्हणून समजा.

उजेड दिवसाचा घ्या. लाइटीचा आपल्याकडे भरवसा नाही.

पहिलं काम, काहीही न ठोकता नुसतं बघणं. चेन उलटी करा. आतल्या बाजूला काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले दिसतील. बाण असलेल्या कड्याच निघतात, बाकीच्या कायमच्या बसवलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नका. बाण सांगतो की पिन कोणत्या दिशेनं बाहेर ढकलायची. बाणाच्या शेपटाकडून ढकला, टोकाकडून निघेल. घालताना याच्या उलट.

दुसरं, लॉक पाहा. जिथं चेन बंद होते त्या पत्र्याच्या पेटीच्या कडेला तीन-चार किंवा पाच-सहा बारीक भोकं असतात. पुष्कळदा कडी काढायची गरजच नसते. आतली स्प्रिंगची दांडी एक-दोन भोकं सरकवली की काम होतं. काल इतिहासाच्या सरांची घडी मी अशीच केली, दोन मिनिटांत. एका भोकानं जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आवळ-सैल तेवढ्यातच असतं. ही स्प्रिंगची दांडी दोन्ही टोकांना दबते. डिव्हायडरच्या टोकानं एक टोक भोकातून आत दाबायचं आणि हळूच सरकवायचं. पण ती उडते! माशीसारखी उडते आणि पुन्हा सापडत नाही. म्हणून हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. उडाली तर पिशवीतच राहील. ही युक्ती काकांची.

तेवढ्यानं भागलं नाही तर कड्या. किती काढायच्या? घडी हातात घालून मनगटाखाली जादा चेन चिमटीत धरा आणि चिमटीतल्या कड्या मोजा. त्यातून एक वजा करा. जास्त काढण्यापेक्षा कमी काढलेली बरी, एक पुन्हा काढता येते. दोन काढायच्या तर एक बाराच्या बाजूची, एक सहाच्या बाजूची. म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली, मध्यभागी येतं. तीन काढायच्या तर तिसरी बहुधा सहाच्या बाजूची. घालून बघा, लॉक एका कुशीला गेलेलं दिसलं तर बाजू बदला. सगळ्या एकाच बाजूच्या काढल्या तर घडी कायम तिरकी बसते. दुकानात घाईत केलेल्या चेनी मी अशा पाहिल्या आहेत, आणि माणसं वर्षानुवर्षं ती तिरकी घडी सरळ करत फिरतात.

आता पिन. जास्त करून ही पिन अर्ध्यापर्यंत चिरलेली असते, केसांच्या पिनेसारखी. चिरलेलं टोक जरा पसरट असतं, त्याच्या जोरावर ती भोकात घट्ट बसते. काढताना चिरलेलं टोक आधी बाहेर येतं. घालताना अखंड टोक आधी आत, चिरलेलं मागून. उलट घातली तर पसरट टोक जागा घेत नाही, आणि पिन महिनाभरात आपोआप बाहेर येते. सुई पिनेच्या तोंडावर सरळ उभी धरा, हातोडीनं टिचकी मारा. ठोका नाही, टिचकी. तिरकी धरली तर सुई वाकेल किंवा कडीला ओरखडा पडेल. पिन दोन मिलिमीटर वर आली की नखानं किंवा चिमट्यानं ओढा.

काही घड्यांत, विशेषतः काही जपानी घड्यांत, दुसरी तऱ्हा असते. पिन अखंड, आणि कडीच्या मधल्या भागात एक इवलीशी नळी. तांदळाच्या कणीएवढी. पिन त्या नळीमुळे घट्ट बसते. आता होतं काय, पिन काढली की ही नळी गुपचूप खाली पडते. माणसाला कळतही नाही. तो पिन परत घालतो, पिन सहज जाते, माणूस खुश. आणि आठ दिवसांनी घडी बसमध्ये गळून पडते. म्हणून लक्षात ठेवा : पिन फार सहज गेली तर थांबा. ताटावर नळी शोधा. ती मधल्या भोकात आधी बसवा, मग पिन. ताटावर पांढरा रुमाल का, ते आता कळलं असेल.

महागाच्या घड्यांत स्क्रू असतात. बरोबर मापाचा पेचकस असेल तरच हात लावा, नाहीतर खाच झिजते आणि मग तो स्क्रू कुणाच्याच बापाला निघत नाही.

जुन्या एचएमटीच्या, किंवा नंतर बसवलेल्या हलक्या चेनींत पिन नसतेच. पत्र्याच्या कड्या, एकीत एक अडकवलेल्या, आणि खालून पत्र्याच्या पाकळ्या दुमडलेल्या. चाकूच्या पात्यानं पाकळी उघडायची, कडी सोडवायची, पाकळी दाबून बंद करायची. पण पत्रा दोन-तीनदा वाकवला की तुटतो, म्हणून आधी मोजा, मग उघडा. आणि ती ताणणारी स्प्रिंगची चेन आठवते? अमेरिकेत १९५९ साली स्पायडेल कंपनीनं तिची फार गाजलेली जात काढली, पुढे आपल्याकडे तशा पुष्कळ आल्या. ती हातात घालताना लॉक नसतं, पण मनगटावरचे केस ओढते. तीही कमी करता येते, पण त्यातल्या इवल्या पाकळ्यांचं काम वाचून किंवा ऐकून जमत नाही, समोर बसून दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी जेवणानंतर यावं.

पिन घातल्यावर कडेवरून बोट फिरवा. पिनेचं टोक टोचता कामा नये, दोन्हीकडे सपाट हवं. मग चेन ताटावर धरून दोन झटके द्या. मग हातात घालून दहा वेळा उघडबंद करा. मगच घराबाहेर पडा.

काल रात्री सहावी घडी गणिताच्या सरांची होती. तुम्हाला सरांचा हात आठवत असेल. खडूचं चौकोनी खोकं एका मुठीत मावायचं, आणि तोच हात एकाच वेळी दोघांचे कान धरायचा. त्यातला एक कान माझा होता. आज सर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या चेनीतून मी पाच कड्या काढल्या. चिमटीत धरून मोजल्या तेव्हा पाच भरल्या. मी मगाशी म्हटलं ना, एक वजा करा; वजा केली, चार काढल्या, तरी करंगळीच काय, अंगठा आत जात होता. म्हणून पाचवी काढली. सर माझ्याकडे बघत होते, मी चेनीकडे बघत होतो. मग सरांनी विचारलं, “किती उरल्या?” मी आकडा सांगितला. सर म्हणाले, “पुरे झाल्या.” आणि त्या काढलेल्या पाच कड्या मी पुडीत बांधून देऊ लागलो तर सर म्हणाले, “या आता मला कशाला?” मी त्या बळेच त्यांच्या खिशात घातल्या. का घातल्या ते सांगतो, म्हणजे सरांनाही कळेल.

आपल्या वर्गातला एक मित्र, त्याचे वडील वनरक्षक होते. त्यांची एचएमटी, स्टीलच्या भरीव चेनची. जंगलात पायी फिरणारा सडपातळ माणूस, मनगट बारीक. काकांनी त्यांच्या चेनीतून तीन कड्या काढल्या होत्या. बाबा गेले, घडी मित्राकडे आली. मित्राचं धान्याचं दुकान, पोती उचलून हात झालेला दंडासारखा. चेन मनगटावर बंदच होईना. पाच-सहा वर्षं घडी कपाटात पडून. मी एकदा गेलो तेव्हा त्यानं ती दाखवली. मी म्हटलं, नवीन चेन टाकून देतो, दोन-तीनशे रुपयांचं काम. तो म्हणाला, “घडी तं बाबाची हायेच, पण चेनही बाबाचीच हाय. तेच्यावर त्यायचा घाम हाय.” आता यावर काय बोलणार? चेन तर लांब होत नाही.

आतून त्याची आई आली. आमचं बोलणं ऐकत होती. देव्हाऱ्यातून तिनं फोटोच्या रिळाची काळी डबी आणली. त्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन कड्या आणि तीन पिना. काकांनी त्या दिवशी कड्या गल्ल्यात न टाकता बाबांच्या हातात दिल्या होत्या आणि म्हणाले होते, “इवि दाचुकोंडी.” जपून ठेवा. बाबांनी घरी येऊन ते शब्द तिला तसेच सांगितले होते, म्हणून तिच्या लक्षात राहिले. त्या कशाच्या कड्या हे तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी ठेवायला दिल्या म्हणून ठेवल्या. दर दिवाळीला देव्हारा घासताना डबी उघडायची, पाहायची आणि परत ठेवायची.

मी दोन कड्या बसवल्या, तिसरीची गरज पडली नाही. चेन बंद झाली. पण एक गंमत दिसली. बाबांच्या हातावरच्या कड्या झिजून मऊ झालेल्या, कडा गोल, चमक गेलेली. आणि डबीतल्या दोन अगदी नव्या, लखलखीत. लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक, लगेच उठून दिसतात. मी म्हटलं, बफ मारून सगळं एकसारखं करून देऊ का? तो नाही म्हणाला. आई म्हणाली, “राहू दे, आता याच्या हातावर झिजंल.”

तर सर, तुमच्या पाच कड्या खिशात ठेवा. घरी गेल्यावर घडीच्या खोक्यात टाका, आणि खोक्यावर लिहून ठेवा. नातू तुमचा उंच आहे, काल मी त्याचं मनगट पाहिलं. बाकी सगळ्यांनाही सांगतो. दुकानात चेन कमी करून घेतली तर काढलेल्या कड्या आणि पिना मागून घ्या, त्या तुमच्याच आहेत, त्यांचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. दुकानदार मुद्दाम ठेवून घेतो असं नाही. गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून त्या डब्यात जातात. पुढे त्याच बनावटीची कडी शोधायला निघालात की कळतं, ती मिळत नाही. एचएमटीची तर आता मिळायचीच नाही.

एक शेवटचं, मग बसतो. कड्या काढताना चेन उघडली की आतला मळ दिसेल. काळा, ओला, घाम आणि धुळीचा. तो तसाच ठेवून पिना घालू नका. चेन घडीपासून सोडवा, म्हणजे घडी पाण्यात जाणार नाही. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, जुना दात घासायचा ब्रश. दहा मिनिटं बुडवा, घासा, धुवा, आणि सुती कपड्यावर उन्हात वाळवा. पूर्ण वाळू द्या, कड्यांच्या फटीत पाणी राहिलं तर पिनेला गंज धरतो. वर्षातून दोनदा, होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा. मराठीच्या बाईंची घडी अजून धुऊन व्हरांड्यात वाळतेय, ती तीन वाजेपर्यंत तयार होईल. विज्ञानाच्या सरांची आणि पी.टी.च्या सरांची राहिली आहे, ती जेवणानंतर करतो. आणि कुणाच्या पायाखाली काल रात्री तांदळाच्या कणीएवढी नळी आली असेल तर आणून द्या; पी.टी.च्या सरांच्या चेनीची आहे.